अकरा नंबरची चिठ्ठी

आमच्या वन्संनी साठी उलटल्यावर होडी घेतली. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. चाळीस वर्षांत माझ्याशी दोनदा भांडल्या. दोन्ही वेळा चूक माझी होती, पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ही होडी वल्ह्याची नाही. कयाक म्हणतात तिला. एका माणसाने बसायची, लांबोडकी, पिवळ्या प्लॅस्टिकची. बसायच्या जागेसमोर सायकलसारखी दोन पायडलं. पाय मारले की खाली पंखा फिरतो आणि होडी पुढे जाते. हातांना काम एकच, बाजूचा छोटा दांडा धरून सुकाणू वळवायचं. वन्संना हीच होडी हवी होती, कारण त्यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत.

हात गेले ते कारखान्यात. रेनकोटच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं काढली. पहिली वीस पायमशीनवर, पुढची अठरा तपासणीच्या टेबलावर. तपासणी म्हणजे शिवून आलेला रेनकोट डोक्यावरच्या आकड्याला उलटा टांगायचा, बाहीत पाणी ओतायचं, आणि शिलाईतून थेंब येतो का ते बघायचं. दिवसाला दोनशे रेनकोट. आता वरच्या फळीवरचा डबा मी काढून देते, त्यांचे केस मी विंचरते. पाय मात्र तसेच आहेत. बाजाराच्या पुलाचा जिना चढताना मी मधल्या कट्ट्यावर टेकते, तोवर त्या पलीकडे उतरून भाजी घेऊन परत आलेल्या असतात आणि वर विचारतात, "वहिनी, अजून इथेच?"

कारखाना तळ्याच्या काठाला. पण खिडक्यांच्या काचा अर्ध्या उंचीपर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे बायकांचं लक्ष बाहेर जायला नको. मशीनवर बसलं की नुसता पांढरा रंग. तपासणीच्या टेबलाशी मात्र उभं राहावं लागायचं, आणि टाचा उंचावल्या की पलीकडच्या काठाची एक चिंचोळी पट्टी दिसायची. तीन झाडं आणि एक पाण्याची टाकी. तिकडे रस्ता जात नाही, सगळी दलदल. जायचं तर पाण्यातूनच.

"त्या झाडांखाली उभं राहून कारखान्याकडे बघायचंय," वन्सं म्हणाल्या.

"त्यात काय बघायचंय?" मी म्हटलं.

"अठरा वर्षं इकडून तिकडे बघितलं. एकदा तिकडून इकडे."

होडी आली.

तिसऱ्या दिवशी आम्ही ती दोन चाकांच्या गाड्यावर घालून तळ्यावर नेली. मी काठावर स्टूल टाकून टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन बसले. वन्सं बसल्या, पाय मारले, आणि होडी सरळ निघाली. मग त्यांनी दांडा डावीकडे वळवला. होडी उजवीकडे आली. उजवीकडे वळवला, तर डावीकडे गेली. वन्संनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ओरडून सांगितलं, "बाह्या अदलाबदल झाल्यात!" आणि उलटा दांडा धरूनच पुढे गेल्या. नव्या मुलीने डावी बाही उजवीकडे लावली तर कारखान्यातही त्या अशाच आवाजात सांगत असणार.

तळ्याच्या मध्यावर पोचल्या असतील नसतील, होडीची मागची बाजू बसायला लागली. आधी मला वाटलं माझ्या चष्म्याचं काहीतरी. मग पुढचं टोक वर उचललेलं दिसलं. वन्संनी झाडांकडे एकदा बघितलं, आणि वळल्या. येताना घाई नाही, गडबड नाही, एका लयीत पाय. काठाला लागल्यावर मागचं बूच काढलं. मी बादली धरली. दीड बादली पाणी निघालं.

"बरंच प्यायली की," मी म्हटलं.

"ती कशाला पिईल? शिलाई कच्ची आहे."

"हिला शिलाई आहेच कुठे? अख्खी एका साच्यात ओतलेली."

"अख्खं काही नसतं, वहिनी. कुणीतरी कुठेतरी भोक पाडलेलंच असतं."

दोन दिवसांनी मागच्या अंगणात दोन बाकांवर होडी ठेवली. दुसरं कुणी असतं तर होडी पाण्यात बुडवून आत कुठून येतंय ते बघितलं असतं. वन्संनी रेनकोटाची रीत लावली. पाणी आत ओतायचं आणि बाहेर कुठे येतंय ते बघायचं. बावीस बादल्या. बादल्या मी भरल्या, ओतल्याही मीच, कारण वन्संचे हात वर जात नाहीत. तपासणी त्यांनी केली, खाली वाकून, डोळ्यात तेल घालून. खडूची खूण ओल्या प्लॅस्टिकवर उठेना. शेवटी माझी धाकटी लेक विसरून गेलेली लाल नेलपॉलिशची बाटली सापडली. जिथे थेंब, तिथे लाल गोल.

आसनाचे दोन स्क्रू आरपार गेलेले, त्यांच्याखाली रबराचा वायसर नाही. मागच्या झाकणाची रबरी कड जिथे जोडलेली, तिथे बोटभर उघडी. पायडलांचा सांगाडा ज्या खाचेत बसतो, तिच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर. मागचं बूच पूर्ण आवळलं तरी ओलंच. असे पाच गोल झाले. सहावाही काढला होता, पण माहितीपुस्तकात बघितलं तर ते भोक मुद्दाम ठेवलेलं निघालं. तो पुसला.

मग वन्संनी मागचं झाकण उघडून आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढेनात.

"अडकलात का?"

"वहिनी, इकडे या."

आत, झाकणाच्या काठाखाली, एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली. त्यावर छापलेलं, तपासली. पुढे पेनाने काढलेला सात.

"बाईने काढलाय," वन्सं म्हणाल्या. "आणि सुट्टी व्हायच्या आधीच्या तासाला."

"हे कशावरून?"

"खालची शेपटी बघा. पेन उचललं नाहीये. तसंच ओढत पुढच्या चिठ्ठीवर गेलंय."

सगळ्यांना कळावं म्हणून हे सांगायला हवं, की वन्सं स्वतः अकरा नंबर होत्या. प्रत्येक रेनकोटाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी जायची, तपासणारीच्या नंबराची. अठरा वर्षांत काही लाख माणसं त्यांची चिठ्ठी खिशात घालून पावसात फिरली असतील. कुणी कधी अकरा नंबरला पत्र लिहिलं नाही. लिहायचं कारण एकच असायचं, रेनकोट गळला की. गळका रेनकोट चिठ्ठीसकट परत यायचा आणि ज्या नंबराची चिठ्ठी, तिच्या टेबलावर येऊन पडायचा. वर्षात तीन आले की ती बाई घरी.

एका वर्षी मालकांनी शिलाईवर लावायची पट्टी कुठूनतरी स्वस्तात आणली. ती पट्टी चार पावसांत भिजली की सुटायची. टेबलावर टांगलेला रेनकोट कोरडा, आणि रस्त्यात गळका. वन्संच्या नावावर त्या वर्षी दोन आले. तिसराही आला होता, पण तो त्यांच्या टेबलावर पोचलाच नाही. शेजारच्या टेबलावरच्या नऊ नंबरने, तिच्या नावावर एकही नव्हता म्हणून, अकराच्या चिठ्ठीवर आपली चिठ्ठी चिकटवली आणि मुकादमाला म्हणाली, माझा आहे. वन्संना ते महिन्याने कळलं, दुसऱ्याच कुणाकडून. त्यांनी नऊ नंबरला जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच," आणि डबा खायला बसली. पुढे ती नोकरी सोडून लेकाकडे गेली. वन्सं अजून तिचा विषय काढतात तेव्हा नऊ नंबरच म्हणतात.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचे. आलेलं पत्र वहीत नोंदवायचं, गेलेलं पत्र वहीत नोंदवायचं. निवृत्त झाल्यापासून आवक नाही आणि जावक नाही, त्यामुळे घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. होडी गळते म्हटल्यावर माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. दाढी केली, टेबल पुसलं, आणि नियम वाचून दाखवले.

"होडी आल्यापासून तीस दिवसांत तक्रार केली तर नवीन होडी मिळते. अट एकच, आपण दुरुस्तीला हात लावलेला नसावा."

"नेलपॉलिश?" मी विचारलं.

"ती खूण आहे. दुरुस्ती नव्हे." ह्यांनी हेही लिहून ठेवलं.

पत्र गेलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, नवीन होडी देऊ, त्यासाठी तपासणीच्या चिठ्ठीचा स्पष्ट फोटो पाठवावा, म्हणजे संबंधितांवर कारवाई करता येईल.

हे खूश. वन्सं भांडी पुसत होत्या, त्या पुसतच राहिल्या.

"नाही पाठवायचा," त्या म्हणाल्या.

"काय नाही पाठवायचा?"

"चिठ्ठीचा फोटो."

"अगं छकुले," हे म्हणाले. साठी उलटलेल्या बाईला हे अजून छकुली म्हणतात. "नंबर आहे तो नुसता. माणूस नाही."

"मी अठरा वर्षं काय होते मग, दादा?"

"बरं, असेल माणूस. मग तिने काम नीट करायचं होतं!"

"केलंय. स्क्रूखाली वायसर घालायचं काम दुसऱ्याचं. तपासणारीला स्क्रू दिसतो. त्याच्याखाली काय नाही, ते नाही दिसत."

"आणि ती चीर?"

"पाय मारल्याशिवाय दिसत नाही. तिला कोण देतंय तळ्यावर नेऊन पाय मारायला?"

"म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या कुणा सातव्या बाईसाठी तू फुटकी होडी घरात ठेवणार?"

"तिचा या वर्षीचा हा कितवा आहे, ते आपल्याला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या.

खरं सांगते, मी ह्यांच्या बाजूने होते. मी म्हटलं, "वन्सं, अहो ते मोठे कारखाने. तिथे असं तीन झाले की घरी वगैरे नसेल." त्या म्हणाल्या, "नसेल." आणि ताटं मांडणीत लावली. त्यांचं 'नसेल' म्हणजे दाराला आतून कडी असते. मग मी आठवडाभर जाता येता टोमणे मारले. अंगणात एवढी पिवळी वस्तू पडलेली, कपडे वाळत घालायला तिला वळसा घालून जावं लागे. "बाग छान झालीये," मी म्हणायची, "आता कारंजंही आहे." त्या हसायच्या. संध्याकाळी होडीशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि पायडलांवर नुसते पाय ठेवायच्या.

विसाव्या दिवशी सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "दादा, पाठवा फोटो."

हे उडालेच. "शहाणी माझी बाय!"

"तुमची मान वाकणार नाही त्या झाकणात. फोन द्या, मीच काढते."

त्यांनी फोटो काढला. ह्यांनी सोबत दीड पानी पत्र लिहिलं आणि त्यातला एकेक शब्द तीनदा वाचला. फोटो मात्र उघडून बघितला नाही. आयुष्यभर माणसाने पत्रं बघितली, सोबत जोडलेलं बघायला दुसरा कारकून असायचा.

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. हे मोठ्याने वाचत होते, आणि वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. आमच्याकडे एकूण आठ तपासनीस असून अकरा नंबरचा कुणीही नाही, सबब सदर वस्तू आमच्याच कारखान्यातली आहे किंवा कसे याबद्दल शंका आहे, तरी तीन दिवसांत मूळ चिठ्ठीचा फोटो पाठवावा, अन्यथा तक्रार बंद करण्यात येईल.

ह्यांनी फोटो उघडला. चष्मा काढला, पुसला, घातला. "छकुले, हे काय आहे?"

"चिठ्ठी."

"कुणाची?"

"माझी. शिवणाच्या डब्यात होती अजून चिठ्ठ्यांची गुंडाळी."

"तू त्यांच्याकडे कामाला आहेस?"

"त्यांनी विचारलं तपासणी कुणाची. बावीस बादल्या ओतून होडी कुणी तपासली? मी. म्हणून माझी चिठ्ठी."

"बादल्या मी ओतल्या," मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

ह्यांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "काढ ती. खाली सात असेलच. अजून तीन दिवस आहेत."

"नाही निघायची. कारखान्यातला गोंद लावलाय. ओढली तर दोन्ही निघतील."

मला त्या वेळी नऊ नंबर आठवली. ती मी कधी बघितलीही नाही. ह्यांनाही आठवली असावी, कारण ते आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ टेबलाचा खण उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज येत राहिला.

वन्संनी मात्र पदर खोचला. तीन दिवस शिल्लक असताना होडीला हात लावला.

पहिल्यांदा त्यांची जुनी रेनकोटाची पट्टी लावली. या प्लॅस्टिकला काही चिकटतच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पट्टी सकाळी लावली, दुपारी खाली पडलेली. वन्सं होडीभोवती दोन फेऱ्या घालून आल्या आणि म्हणाल्या, "ठिगळ त्याच कापडाचं पाहिजे."

"ते कुठून आणणार?"

"शिवणारा आत चार बोटं कापड राखून ठेवतो. हिच्याही आत असेल."

आणि खरंच, झाकणाच्या आतल्या अंगाला साच्यातून आलेली पिवळी कड होती, कशाच्या कामाची नाही, नुसती सुटलेली. वन्संनी ती चाकूने बोटभर कापली. इस्त्री तापवली. चिरेवर ती पट्टी ठेवली, वर कागद, आणि इस्त्रीचं टोक टेकवून मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, उचल. एक, दोन, तीन, उचल. शिलाई बंद करताना कारखान्यात असंच करायचे म्हणे. वास असा सुटला की हे आतून ओरडत आले, "काय जळतंय?"

"माझी इस्त्री," मी म्हटलं.

हे गेले नाहीत. उभे राहिले. मग म्हणाले, "कागद मी धरू का? तुझा हात पोचत नाहीये." आणि धरला.

वायसर माझ्या गरम पाण्याच्या पिशवीचे झाले. मी गुडघ्याला लावायची ती. न विचारता कापली असती तर तिसरं भांडण झालं असतं, पण त्यांनी विचारलं, नवी आणून देते म्हणाल्या, आणि मी आठवडाभर मारलेले टोमणे आठवून हो म्हटलं. झाकणाच्या कडेची फटही त्याच रबराने बुजवली. सुकाणूच्या दोऱ्या उलट्या बांधलेल्या होत्या, त्या वन्संनी पाच मिनिटांत सोडून सुलट्या केल्या. त्यावर एवढंच बोलल्या, "ही बाही."

तिसाव्या दिवशी मुदत संपली. एकतिसाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. ह्यांनी वही आणली होती. का आणली ते मी विचारलं नाही.

वन्सं निघाल्या. मध्यापर्यंत मी श्वास धरून बसले. मागची बाजू बसली नाही. मध्य गेला. पिवळा ठिपका लहान होत गेला, पाय मारण्याची लय तीच. मग ठिपका थांबला, आणि झाडांखाली एक माणूस उभं राहिलेलं दिसलं, की मला तसं वाटलं. हे म्हणाले, "पोचली." मी म्हटलं, "दिसतंय मला." दोघांनाही नीट दिसत नव्हतं.

बराच वेळ ते माणूस तिथे उभं होतं. मग परत आल्या.

"कसा दिसतो कारखाना?" मी विचारलं.

"काचा पुसायला झाल्यात," वन्सं म्हणाल्या. टॉवेल घेतला, तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. "रंग सगळा उडालाय, वहिनी. आता बसल्या जागेवरूनही तळं दिसत असेल. आता तिथे बसायला कुणी नाही."

ह्यांनी मागचं बूच काढून खाली वाटी धरली. थेंब थेंब पडत राहिला. अर्धी वाटी भरली. ह्यांनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं, आवक, अर्धी वाटी. जावकेच्या रकान्यात रेघ ओढली.

"रेनकोट असता तर परत पाठवला असता," वन्सं वाटीकडे बघून म्हणाल्या, आणि पाणी तळ्यात ओतून टाकलं.

त्यानंतर त्या दर आठवड्याला जातात. कधी अर्धी वाटी, कधी पाव. सात नंबरला यातलं काही ठाऊक नाही, आणि कळायचं कारणही नाही. आत चिठ्ठी तशीच आहे, वरती अकरा. कडा जरा सुटायला लागल्या होत्या, तर वन्संनी परवा पुन्हा गोंद लावला.

माझी गरम पाण्याची पिशवी अजून आलेली नाही.